एचपीचा पन्नासावा भाग

आमच्या घराला वीजकंपनीची तार नाही. रस्त्यावरच्या शेवटच्या खांबापासून घर बरंच आत, टेकडीच्या पाठीवर आहे. तिथवर खांब रोवून तार ओढण्याचा जो आकडा सांगितला गेला, त्यात पॅनेलं, बॅटऱ्या, इन्व्हर्टर सगळं आलं असतं आणि वर चार पैसे उरले असते. म्हणून तारेचा नाद सोडला. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्याचा हा ईशान्य कोपरा, इथले लोक त्याला नॉर्थईस्ट किंगडम म्हणतात. अशी बिनतारेची घरं या भागात जागोजागी सापडतात. ‘निसर्गाच्या कुशीत’ वगैरे भाषा पुण्या-मुंबईचे मित्रमैत्रिणी वापरतात, इथे कुणी वापरत नाही. खांब लांब होता, एवढंच कारण असतं.

उन्हाळ्यात काही प्रश्न नसतो. दिवस पंधरा तासांचा, बॅटऱ्या दुपारीच भरून मोकळ्या. खरी परीक्षा नोव्हेंबर ते एप्रिल. याच भागातल्या ब्लूमफिल्ड गावात ३० डिसेंबर १९३३ रोजी पारा उणे ४६ अंश सेल्सियसच्या आसपास उतरला होता आणि राज्याचा तो नीचांक आजही कायम आहे. आमच्याकडे जानेवारीतल्या एखाद्या रात्री उणे २५ झालं तर कुणी त्याची बातमी करत नाही. डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा, सूर्य झाडांच्या शेंड्यांवरून सरपटत जातो. १ किलोवॉटच्या पॅनेलमागे दिवसाला २ युनिटच्या आसपास वीज हाती लागते, आणि ढग बसले की तीही नाही.

लाकूड मात्र म्हणाल तेवढं. मेपल, बीच, अ‍ॅश. इथे लाकूड कॉर्डच्या मापाने मोजतात: ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब रचलेला ढीग, म्हणजे १२८ घनफूट. नीट वाळलेल्या शुगर मेपलच्या एका कॉर्डमध्ये ७,००० युनिटांच्या घरात ऊर्जा असते. त्यातली काही धुराड्यातून जाते, तरी उरते ती रग्गड. थोडक्यात, उष्णतेच्या बाबतीत आम्ही सावकार आणि विजेच्या बाबतीत हातावर पोट. तळघरातली ती सावकारी वरच्या खोल्यांपर्यंत पोचवायची तर मध्ये एक दलाल लागतो, आणि तो विजेवर चालतो. हा लेख त्या दलालाबद्दल, म्हणजे गरम पाणी घरभर फिरवणाऱ्या छोट्या पंपाबद्दल आहे.

रचना साधी आहे. तळघरात लाकडाचा बॉयलर, त्याच्या भट्टीभोवती पाणी. शेजारी १,००० लिटरची जाड वेष्टणाची टाकी. दिवसातून एकदा भट्टी भरून जाळली की टाकीतलं पाणी ४० अंशांवरून ८० वर जातं आणि ४६ युनिट उष्णता तिथे साठते. मग ते पाणी खालच्या मजल्याच्या फरशीखाली अंथरलेल्या पेक्सच्या (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) नळ्यांतून आणि वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरांतून फिरतं, घर ऊबदार करतं आणि गार होऊन टाकीत परत येतं. फरशीला ८० अंशांचं पाणी सोसत नाही, म्हणून मध्ये एक मिक्सिंग व्हॉल्व्ह गार पाणी मिसळून ते ४० अंशांवर आणतो. रात्रंदिवस हा फेरा चालू.

आता हिशेब. १ लिटर पाणी १ अंशाने गार होताना १.१६ वॉट-तास उष्णता सोडतं. मिनिटाला १० लिटर पाणी फिरलं आणि जाताना-येताना १० अंशांचा फरक पडला, तर ती ७ किलोवॉट उष्णता झाली. उणे २५ला आमच्या घराला साधारण तेवढीच लागते. हे १० लिटर ढकलायला किती शक्ती लागते? नळ्या, वळणं, व्हॉल्व्ह यांचं घर्षण मिळून २ मीटर हेड, म्हणजे पाणी २ मीटर उंच उचलण्याइतका जोर, धरलं, तर पाण्याला प्रत्यक्षात द्यावे लागतात ३.३ वॉट. एवढे छोटे पंप कार्यक्षमतेत यथातथाच असतात, घेतलेल्या विजेचा चौथा-पाचवा हिस्सा पाण्याला देतात. तरी बेरीज १५ वॉटच्या आसपासच राहते. १५ वॉट खर्चून ७,००० वॉट हलवायचे. मी मेकॅनिकल इंजिनीअर, असले आकडे रोजचे. तरी हा आकडा कागदावर लिहिल्यावर पुन्हा एकदा गुणाकार करून पाहिला होता.

माझं माहेर पलूस तालुक्यातलं. किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर; १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या माळावर कारखान्याची वसाहत वसवली आणि आमच्या पंचक्रोशीला पंपाचं बाळकडू मिळालं. आप्पांचं पंपदुरुस्तीचं दुकान. कृष्णेवरून पाणी उचलायचं, उसाला पाजायचं, त्यामुळे आमच्याकडे मोटर म्हटली की पाच, साडेसात, दहा एचपी. आता सरकारच्या सौर पंपाच्या योजनेतही तेच माप आहे: अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे साडेसात. व्हिडिओ कॉलवर तळघर दाखवत होते तेव्हा आप्पांनी पहिला प्रश्न विचारला, तो अर्थातच तोच.

“मोटर कितीची बसवली?”

“१५ वॉटची.”

“एचपीत सांग की गं.”

“एचपीचा पन्नासावा भाग, आप्पा.”

पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग, “आन् तेवढ्यावर पानी माडीवर चडतंय?”

“चढतंय की.”

“काय बी सांगतीस.”

त्यांचा अविश्वास अगदी योग्य होता. विहिरीतून किंवा नदीतून पाणी उचलताना प्रत्येक लिटरचं वजन पंपालाच उचलावं लागतं, आणि वर गेलेलं पाणी शेतात जातं, परत येत नाही. आमच्या घरातलं पाणी बंद फेऱ्यात आहे. जेवढं वर चढतं, तेवढंच त्याच क्षणी दुसऱ्या नळीतून खाली उतरत असतं, आणि उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला तोलून धरतं. मी त्यांना जत्रेतला लाकडी पाळणा आठवायला सांगितला. भरलेला पाळणा दोन माणसं नुसत्या हाताने फिरवतात. वर जाणारी पोरं त्यांना उचलावी लागत नाहीत, खाली येणारी पोरंच त्यांना उचलतात. माणसांनी फक्त आसाच्या घर्षणापुरता जोर लावायचा. माडी दोन मजली असो की दहा मजली, फेरा एकदा पाण्याने भरला की पंपाला उंचीशी देणंघेणं उरत नाही, फक्त नळीच्या लांबी-जाडीशी.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे उचलायचं न्हाई, फिरवायचं. मग एअर धरली की संपलं.”

इतक्या वर्षांची दुकानदारी त्या एका वाक्यात होती. बंद फेऱ्याचं सगळं गणित पाण्याची साखळी अखंड आहे या गृहीतकावर उभं असतं. वरच्या मजल्यावर रेडिएटरच्या डोक्यात हवा अडकली की साखळी तुटते, तोल जातो, आणि मग पंपाला खरोखरच पाणी उचलावं लागतं. साडेसात एचपीचा पंप हवेच्या फुग्याला दामटून पुढे नेईल. १५ वॉटचा पंप तिथेच थांबतो, बिचारा इम्पेलर, म्हणजे त्याचं पात्यांचं चाक, जागच्या जागी पाणी घुसळत राहतो. म्हणून या छोट्या पंपांच्या घरात हवा काढण्याला फार महत्त्व. सगळ्यात उंच जागी आपोआप हवा सोडणारा व्हेंट, टाकीतून बाहेर पडताच हवेचे बारीक बुडबुडे पकडणारा सेपरेटर, आणि प्रत्येक रेडिएटरला किल्लीने उघडायचा बारका स्क्रू. हिवाळा सुरू होताना आम्ही किल्ली आणि फडकं घेऊन खोलीखोलीतून फिरतो. स्क्रू पाव आटा सैल केला की आधी फुस्स करून लोखंडाचा वास असलेली हवा येते, मग थुंकल्यासारखे थेंब, मग पाण्याची सरळ धार. धार आली की लगेच आवळायचं, नाहीतर खालचा प्रेशरचा काटा उतरायला लागतो.

पंपाशिवाय हे घर चालणारच नाही का? चालतं, एका अटीवर. गरम पाणी हलकं असतं. ८० अंशांच्या पाण्याचा एक घनमीटर ९७२ किलो भरतो, ६० अंशांच्या पाण्याचा ९८३. या अकरा किलोंच्या फरकावर पाणी आपसूक फिरतं. पुण्या-कोल्हापुरात गच्च्यागच्च्यांवर जे सोलर हीटर दिसतात, ते बहुतेक याच तत्त्वावर बिनपंपाचे चालतात; टाकी वर, पॅनेल खाली. पण या तत्त्वाची ताकद किती? तीन मीटर उंचीच्या फेऱ्यात हा फरक पाण्याच्या जेमतेम साडेतीन सेंटिमीटर हेडइतका भरतो. पंप २ मीटर देतो, निसर्ग साडेतीन सेंटिमीटर. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या घरांत हीटिंगच्या नळ्या मनगटाएवढ्या जाड असत आणि प्रत्येक नळीला नीट चढ-उतार दिलेला असे. डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओपलेंडर यांनी १९२९मध्ये हीटिंगच्या नळीत बसवायच्या पंपाचं पेटंट घेतलं, त्यानंतर नळ्या बारीक झाल्या, बॉयलर खालीच हवा ही सक्ती गेली आणि हा धंदा पार पालटला. त्यांच्या विलो कंपनीने पुढे चिंचवडची मॅथर अँड प्लॅट पंप ही कंपनी घेतली, त्यामुळे आप्पांना हे नाव माहीत होतं. मला तोवर नव्हतं.

पंप आला आणि आळसही आला, असं माझं मत आहे. खांबावरची वीज स्वस्त आणि न संपणारी, मग नळी किती बारीक, वळणं किती, याचा विचार कोण करतो? नेहमीचा ८० वॉटचा सर्क्युलेटर लावला की सगळे दोष झाकले जातात. अमेरिकेतल्या लाखो तळघरांत हे ८० वॉटचे पंप अजून गुरगुरत असतात. युरोपने २०१३पासून या पंपांच्या विजेवर कायद्याने मर्यादा घातली आणि २०१५मध्ये ती आणखी आवळली. तेव्हा कुठे लोकांना कळलं की घरातला हा कोपऱ्यातला पंप वर्षभरात फ्रिजच्या तोडीची वीज खातो. आमच्यासारख्यांना कायद्याची गरज नव्हती. ८० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला १.९ युनिट, डिसेंबरातल्या १ किलोवॉट पॅनेलची सगळी कमाई. १५ वॉट म्हणजे ०.३६ युनिट. सहा महिन्यांच्या हिवाळ्यात एकीकडे साडेतीनशे युनिट, दुसरीकडे पासष्ट. ज्याला बिल येतं त्याच्यासाठी हा फरक किरकोळ असतो. ज्याची बॅटरी पहाटे चारला बसते, त्याला तो चांगलाच जाणवतो.

पंप कमी वॉटचा हवा हे ठरलं. मग तो १२ व्होल्ट डीसी, म्हणजे थेट बॅटरीवर चालणारा, का? इथे जाणकारांतही वाद आहेत आणि विक्रेते सांगतात ते सगळं खरं नसतं. आजचे चांगले एसी पंपही आतून डीसीच असतात. रोटरमध्ये कायमचुंबक, बाहेर इलेक्ट्रॉनिक्स आलेल्या एसीचं आधी डीसी करतं आणि मग हवं त्या वेगाने चुंबकीय क्षेत्र फिरवतं. असा पंप कमी वेगाला दहा-पंधरा वॉटवर आरामात चालतो. म्हणजे वीज वाचवण्यासाठी १२ व्होल्टच हवा असं काही नाही. बॅटरीच्या डीसीचं इन्व्हर्टरने एसी करायचं आणि पंपाने त्याचं पुन्हा डीसी करायचं, हा द्राविडी प्राणायाम आहे खरा, पण त्यातली गळती सोसता येते. इन्व्हर्टर नुसता जागा राहायला वीस-तीस वॉट घेतो. मात्र घरात फ्रिज आणि वायफायसाठी तो तसाही जागा असतोच.

डीसीच्या बाजूने माझं एकच मोठं म्हणणं आहे: मधलं एक यंत्र कमी होतं. गेल्या हिवाळ्यात बर्फाळ पावसाच्या रात्री आमचा इन्व्हर्टर बसला. पॅनेलवर लाल दिवा आणि एक आकडा, मॅन्युअलमध्ये त्या आकड्यापुढे ‘विक्रेत्याशी संपर्क साधा’. विक्रेता सोमवारी उघडणार. बाहेर झाडांच्या फांद्या बर्फाच्या वजनाने काडकाड मोडत होत्या, घरात अंधार, फ्रिज बंद. तळघरात उतरले आणि पंपावर हात ठेवला. तो कोमट होता आणि अगदी बारीक थरथरत होता. बॅटरी आणि पंप यांच्यामध्ये एक फ्यूज आणि एक स्विच, बाकी काही नाही. त्यामुळे वर काय गोंधळ चाललाय याचा त्याला पत्ताच नव्हता. सकाळी घरात १९ अंश होते. मेणबत्त्या लावून चहा केला.

पंपाची बॅटरी आम्ही घराच्या बॅटऱ्यांपासून वेगळी ठेवली आहे, त्याची वेगळी चूल मांडून दिली म्हणा ना. कारण घराच्या नव्या लिथियम बॅटऱ्या ४८ व्होल्टच्या, आणि ४८ व्होल्टवर थेट चालणारे छोटे हीटिंग पंप सहसा मिळत नाहीत. मध्ये व्होल्टेज उतरवणारा डबा घालावा लागतो, म्हणजे पुन्हा बिघडायला एक यंत्र. त्यापेक्षा १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी, स्वतःचं छोटं पॅनेल, स्वतःचा चार्ज कंट्रोलर. लेड-अ‍ॅसिडची निम्मीच क्षमता वापरायची असा नेम धरला तरी ०.६ युनिट हाताशी येतात, १५ वॉटचा पंप ४० तास चालतो. ८० वॉटचा पंप त्यावर साडेसात तासांत बॅटरी आडवी करेल. ही बॅटरी तळघरातच, बॉयलरपासून अंतर राखून. बाहेरच्या शेडमध्ये थंडीने तिची क्षमता जवळपास निम्मी होते. लिथियम असेल तर शून्याखाली ती चार्जच करता येत नाही, दामटून केली तर कायमची कामातून जाते.

आमचा पंप लाइंग या जर्मन कंपनीच्या जातकुळीतला, डी-५ म्हणून ओळखला जाणारा. पहिल्यांदा उघडला तेव्हा मी तो आप्पांसाठी कॅमेऱ्यासमोर धरला, कारण असं काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्याला शाफ्टच नाही. रोटर म्हणजे तळहातात मावणारी अर्धगोल वाटी, तिच्या पाठीवर इम्पेलरची पाती आणि आत मधोमध एक खळगा. खालच्या बाजूला स्टीलच्या पातळ पत्र्याचा खोलगट डोम, त्याच्या मधोमध शेंगदाण्याहून लहान सिरॅमिकची गोळी. खळगा गोळीवर टेकवायचा, बस्स. डोमच्या पलीकडून चुंबकीय क्षेत्र फिरतं आणि वाटी गोळीवर डोलत फिरते. ना सील, ना ग्लँड, ना बेअरिंगचा जोड. गोळी झिजली तर वाटी थोडी खाली सरकून बसते. आप्पांनी मोबाईल डोळ्याजवळ नेऊन पाहिलं आणि त्यांना पहिली शंका आली ती अशी: “गळायला जागाच न्हाई, मग दुरुस्तीवाल्यानं खायाचं काय?”

गंमत म्हणजे याच पंपाची भावंडं गेम खेळणारी पोरं कॉम्प्युटरचा प्रोसेसर गार ठेवायला वापरतात. तीच वाटी, तीच गोळी, मागे एक ते पाच आकड्यांची वेगाची चकती. त्यामुळे तो बाजारात सहज मिळतो आणि स्वस्तही. पण कॉम्प्युटरवाल्या पंपाला ६० अंशांच्या वरचं पाणी चालत नाही, आणि बॉयलरकडून येणारं पाणी ८०चं असतं. हीटिंगसाठी वेगळ्या बांधणीचा येतो, तोच घ्यावा. किंवा स्वस्तातला वापरायचाच तर मिक्सिंग व्हॉल्व्हच्या पुढे, फरशीच्या गार बाजूला. दुसरी एक नेहमीची फसगत म्हणजे बोटीचे किंवा फिरत्या गाडीघरांचे १२ व्होल्ट पंप. ते स्वस्त दिसतात, पण त्यातले बरेच पडद्याचे असतात, नळ सोडला की प्रेशर देणारे. खडखडतात आणि सतत चालायला केलेलेच नसतात. कार्बन ब्रशवाले पंपही नकोत. सहा महिन्यांचा हिवाळा म्हणजे ४,३०० तास, तेवढ्यात ब्रश संपतो, आणि तो संपायला रात्र निवडतो.

त्या मागच्या चकतीशी खेळताना एक गोष्ट हाती लागते. पंपाचा वेग निम्मा केला की पाणीही साधारण निम्मं होतं, पण वीज एक अष्टमांशावर येते. वेगाच्या घनाने ती उतरते. आणि पाणी निम्मं झालं म्हणून घरातली उष्णता निम्मी होत नाही. पाणी सावकाश जातं, जास्त गार होऊन परततं, रेडिएटर आधीच्यापेक्षा थोडीच कमी उष्णता देतो. नोव्हेंबरात आम्ही चकती दोनवर ठेवतो आणि पंप ५-६ वॉटवर चालतो. जानेवारीत चार. पाचवर ठेवायची वेळ आली तर पंप बदलण्याआधी मी फिल्टर उघडून बघते.

कारण कायमचुंबकाचा एक भोग आहे. फेऱ्यातल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लोखंडी रेडिएटर आणि बॉयलर हळूहळू खातो आणि मॅग्नेटाइटची काळी, काजळासारखी बारीक पूड पाण्यात उतरते. साध्या पंपात ती खाली बसते. चुंबकाच्या रोटरवर ती जाऊन चिकटते. वर्षाअखेरी वाटी काढली की तिच्यावर काळ्या लोण्याचा थर असतो. बोटाने पुसला की नखांत जातो आणि दोन दिवस निघत नाही. पंपाच्या आधी चुंबकाचा गाळ-सापळा बसवला की निम्म्याहून अधिक त्रास तिथेच संपतो. पेक्सची नळी घेतानाही प्राणवायू आत येऊ न देणारा थर असलेलीच घ्यायची; पिण्याच्या पाण्याची साधी पेक्स दिसायला तशीच, पण तिच्या भिंतीतून प्राणवायू झिरपतो आणि पाण्याला गंजाचं खाद्य मिळत राहतं.

वायरीबद्दल थोडं, कारण शेतात २३० किंवा ४१५ व्होल्टची सवय असलेली माणसं इथे चुकतात. पूर्ण वेगाला पंप २४ वॉट घेतो, १२ व्होल्टवर ते २ अँपिअर. बॅटरी १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर तांबं. अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) वायरीत त्यावर ०.४ व्होल्ट पडतात, हरकत नाही. तीच घरात पडलेली पाऊण स्क्वेअरची वायर लावली तर १.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरीत बारा असताना पंपापाशी साडेदहा. पंप चालतो, पण रडतखडत. उलट दुपारी चार्जिंग चालू असताना बॅटरी साडेचौदावर असते आणि पंप आपोआप जोरात पळतो. त्याचं आम्हाला काही वाटत नाही. दुपारी वीज फुकट असते.

आणि बॅटरी, फ्यूज, पंप, सगळ्यांनी एकदम मान टाकली तर? भट्टीत लाकूड पेटलेलं आहे, गॅससारखं बटण दाबून विझवता येत नाही, आणि पाणी थांबलंय. बॉयलरमधलं पाणी उकळायला लागतं, प्रेशर वाढतं, ३० पीएसआयला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून वाफ आणि उकळतं पाणी बाहेर फेकतो. ती शेवटची पायरी, तिथवर जाऊ द्यायचं नसतं. म्हणून बॉयलरच्या बरोब्बर वर, माजघरात, एक भलामोठा जुना बिडाचा रेडिएटर आहे. जाड नळी, चढ बरोबर राखलेला, आणि मध्ये विजेने बंद धरलेला व्हॉल्व्ह. वीज गेली की स्प्रिंग तो उघडते आणि गरम पाणी त्या साडेतीन सेंटिमीटरच्या जोरावर सावकाश वर चढायला लागतं. त्या जाड नळीसाठी नवऱ्याने छतात केवढं भोक पाडलं हे पाहून सुतार हसला होता. हिवाळा सुरू होण्यापूर्वी आम्ही मुद्दाम फ्यूज काढून बघतो. पाच-दहा मिनिटांत बिडाच्या वरच्या कडेला हात लावता येत नाही इतकं गरम होतं, आणि मांजर तिथे हजर.

छपरावर आंघोळीच्या पाण्यासाठी सोलर कलेक्टर आहे, त्याचा पंप तर बॅटरीलाही जोडलेला नाही. शेजारी छोटं पॅनेल, त्याच्या दोन वायरी थेट पंपाला. ऊन आलं की कलेक्टर तापतो आणि पंपही चालतो. ऊन वाढलं की दोन्ही वाढतात. बर्फाने झाकले गेले की दोन्ही गप्प. थर्मोस्टॅट नाही, सेन्सर नाही. बंद पडलेल्या रात्री नळीत बर्फ धरू नये म्हणून त्या फेऱ्यात निम्मं प्रोपिलीन ग्लायकॉल, साधारण उणे ३०पर्यंत ते गोठत नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा दाट आणि उष्णता वाहून नेण्यात किंचित उणं, त्यामुळे तिथला पंप एक घर जास्त ताकदीचा घेतला. ढगाळ सकाळी पॅनेलला पंप सुरू करण्याइतका करंट जमत नाही, पाती थरथरतात, थांबतात, पुन्हा थरथरतात. मध्ये करंट वाढवून देणारं छोटं सर्किट घातलं की तेही थांबतं. आम्ही घातलेलं नाही. अशा सकाळी पाणी तसंही तापत नाही.

आता वरच्या मजल्याला स्वतंत्र फेरा आणि स्वतंत्र पंप हवा आहे, मुलगी मोठी झाली, तिला तिच्या खोलीचं तापमान तिच्या हातात पाहिजे. नवऱ्याचं म्हणणं, तिथे सरळ नवा एसी पंप लावू. तो घर्षण ओळखून स्वतःचा वेग स्वतः ठरवतो, मोबाईलवर आलेख दाखवतो, आणि वॉट तेवढेच घेतो. माझं म्हणणं, फडताळात दुसरा डी-५ कोरा पडलाय, खालच्या पंपाला काही झालं तर तोच आणि याला काही झालं तरी तोच, सुटे भाग एकाच जातीचे. आप्पांना विचारलं तर त्यांनी आधी दोन्हींच्या किमती विचारल्या. शेवटी वर एसी बसवायचा ठरलं आहे, खालचा फेरा आणि बिडाचा रेडिएटर डीसीवरच राहणार. इन्व्हर्टर पुन्हा बसला तर लेक उशी घेऊन खाली येईल. तिला हे अजून सांगितलेलं नाही.